आईची शाळा आणि लेकराचे आयुष्य

विकसनशील देशांतील बालआरोग्याचा कोणताही मोठा पाहणी अहवाल उघडला, तर त्यातील तक्त्यांमध्ये उत्पन्न, जात, धर्म, गाव की शहर या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना हमखास आढळतो, आणि तो असतो आईच्या शालेय शिक्षणाचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेची पायरीही न चढलेल्या आयांच्या पाच वर्षांखालील मुलांपैकी ४६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, तर बारावीपर्यंत किंवा त्यापुढे शिकलेल्या आयांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण २६ टक्के होते. खुजेपणाचा अर्थ नुसत्या कमी उंचीपुरता नसतो. मूल गर्भात असल्यापासून पहिल्या दोन वर्षांत अन्न अपुरे पडल्याने आणि जुलाब, ताप, खोकला यांनी ते वरचेवर आजारी पडल्याने शरीराची जी वाढ मागे राहते आणि पुढे सहसा भरून निघत नाही, तिची ती खूण असते. शिकलेल्या आयांच्याही चार मुलांपैकी एक खुजे राहावे यात समाधान मानण्याजोगे काही नाही. तरीही या दोन आकड्यांमधील अंतर विचारात पाडणारे आहे, कारण मूल कसे वाढवावे, त्याला जुलाब झाले तर काय करावे, लस केव्हा टोचून घ्यावी यांपैकी फारच थोडे शाळेत शिकवले जाते. बेरीज-वजाबाकी, कविता, नद्यांची नावे आणि सनावळ्या शिकून बाहेर पडलेल्या मुलीचे मूल दहा-पंधरा वर्षांनी अधिक निरोगी का निघावे, या प्रश्नामागे लोकसंख्याशास्त्रज्ञ जवळजवळ अर्धे शतक लागले आहेत.

त्याआधी सर्वसाधारण समजूत अशी होती की बालमृत्यू कमी होतात ते घरात चार पैसे आल्याने, दवाखाने उघडल्याने आणि स्वच्छ पाणी मिळाल्याने. आईचे शिक्षण हे फार तर घरच्या सुस्थितीचे एक लक्षण मानले जाई. या समजुतीला धक्का दिला तो ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी. नायजेरियातील योरुबा समाजाच्या, विशेषतः इबादान शहरातील कुटुंबांच्या पाहण्यांवर आधारलेल्या १९७९ सालच्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की वडिलांचे शिक्षण, त्यांचा व्यवसाय आणि राहणीमान हे सगळे जमेस धरल्यावरही आईच्या शिक्षणाचा परिणाम पुसला जात नाही. कॉल्डवेल आणि त्यांचे नायजेरियन सहकारी ओरुबुलोये यांनी एकिती भागातील दोन गावांची तुलना आधीच केलेली होती. ही गावे इतर बाबतींत सारखीच होती, पण त्यांपैकी एकात दवाखान्याची सोय होती आणि दुसऱ्यात ती नव्हती. या तुलनेतून निघालेला हिशेब आजही पुन्हा पुन्हा सांगितला जातो: आई निरक्षर असून जवळ दवाखाना असला, तर जन्मणाऱ्या मुलाच्या अपेक्षित आयुर्मानात, म्हणजे ते सरासरी किती वर्षे जगेल या अंदाजात, २० टक्क्यांची वाढ होते; दवाखाना नसून आई शिकलेली असली तर ३३ टक्क्यांची; आणि दोन्ही एकत्र आले तर ८७ टक्क्यांची. दोन्हींची बेरीज ५३ भरते, प्रत्यक्षातला लाभ तिच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. शिक्षणामुळे दवाखान्याचा उपयोग होतो आणि दवाखान्यामुळे शिक्षणाचा, हे या आकड्यांचे खरे म्हणणे आहे.

त्यानंतर अनेक देशांतील पाहण्या हाती आल्या. जॉन क्लेलंड आणि येरून व्हान गिनेकेन यांनी १९८८ साली त्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा आईच्या शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे पाच वर्षांखालील मूल दगावण्याची शक्यता साधारणपणे ७ ते ९ टक्क्यांनी कमी होते, आणि त्यातील निम्म्याच्या आसपास भाग शिकलेल्या बाईच्या घरच्या बऱ्या आर्थिक स्थितीने समजावता येतो, असा निष्कर्ष निघाला. या आढाव्यातील आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. आईच्या शिक्षणाचा परिणाम अगदी कोवळ्या वयात कमी दिसतो आणि मूल मोठे होत जाते तसा वाढत जातो. त्यामागचे कारण उघड आहे: पहिल्या काही दिवसांतले मृत्यू अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्रसूतीच्या वेळी श्वास कोंडणे अशा कारणांनी होतात, आणि तेथे कुशल हातांची व उपकरणांची गरज असते, पुढच्या महिन्यांत मात्र मुलाला काय भरवले जाते, पाणी कसे साठवले जाते, ताप चढल्यावर किती तासांत पाऊल उचलले जाते यावर सारे अवलंबून राहते, आणि या गोष्टी बव्हंशी आईच्या हातातल्या असतात.

१७५ देशांच्या आकडेवारीवर आधारलेला एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात १९७० ते २००९ या काळात बालमृत्यूंमध्ये झालेल्या ८२ लाखांच्या घटीपैकी ४२ लाख, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक वाटा, स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाचा असल्याचा अंदाज मांडला गेला. त्याच नियतकालिकातील २०२१ च्या अभ्यासानुसार शाळेत न गेलेल्या आईच्या तुलनेत बारा वर्षे शिकलेल्या आईचे मूल दगावण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी असतो, आणि वडिलांच्या बारा वर्षांच्या शिक्षणाने तो १७ टक्क्यांनी कमी होतो. वडिलांचा हा आकडा बहुतेक लेखनात गाळला जातो. तो गाळणे योग्य नाही, कारण मुलाचे आरोग्य ही एकट्या आईची जबाबदारी असल्याचा समज त्यातून आपोआप पक्का होतो.

एवढे आकडे समोर असूनही एक शंका उरतेच. शिकलेली मुलगी बहुधा बऱ्या घरातून आलेली असते, तिचे लग्न शिकलेल्या मुलाशी होते, आणि ती जेथे नांदायला जाते तेथे नळ, रस्ता, दवाखाना असण्याची शक्यता अधिक असते. मग मूल सुदृढ निघाले याचे श्रेय शाळेला द्यायचे की या सगळ्या परिस्थितीला? सोनाल्दे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी १९९८ मध्ये २२ देशांची आकडेवारी घेऊन हाच प्रश्न विचारला. घरची स्थिती आणि राहण्याची वस्ती यांचा हिशेब नीट केल्यावर बालमृत्यू आणि उंची यांवरील आईच्या शिक्षणाचा परिणाम बराच फिका पडतो, लसीकरणावरील परिणाम मात्र टिकून राहतो, असे त्यांना आढळले. शिक्षणाच्या नावाने जयजयकार करणाऱ्या अहवालांपेक्षा अशा सावध निबंधाने विषय अधिक पुढे नेला, असे म्हणावे लागते. कारण शंका घेतल्यामुळेच संशोधकांना अधिक पक्क्या पुराव्याच्या शोधात निघावे लागले.

हा पुरावा ज्याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात त्यातून मिळाला. एखाद्या सरकारी निर्णयामुळे अमुक साली जन्मलेल्या मुलींना शाळा मिळते आणि त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलींना ती मिळत नाही. दोन्ही गट एकाच गावातले, सारख्याच घरांतले असतात, त्यामुळे पुढे त्यांच्या मुलांच्या आरोग्यात फरक दिसला तर तो शाळेच्या पदरात टाकता येतो. इंडोनेशियाने १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. ल्युसिया ब्रेयेरोव्हा आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या एस्तेर द्युफ्लो यांनी या शाळांचा माग काढला, तेव्हा आईबापांच्या शिक्षणाने बालमृत्यू खरोखरच कमी होतात, आणि त्यात आईच्या व वडिलांच्या शिक्षणाचा वाटा जवळपास सारखाच असतो, असे दिसून आले. झिंबाब्वेने १९८० मध्ये स्वतंत्र होताच माध्यमिक शाळांची दारे सर्वांना खुली केली. त्या वेळी जेमतेम वयात बसल्यामुळे हा लाभ मिळालेल्या मुलींची अपत्ये, थोडक्यात संधी हुकलेल्या मुलींच्या अपत्यांपेक्षा, दगावण्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी भरले. तैवानने १९६८ मध्ये सक्तीचे शिक्षण सहा वर्षांवरून नऊ वर्षांवर नेले, तेथेही जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे आणि अर्भकमृत्यूंचे प्रमाण घटले. परिणाम खरा आहे, हे आता मान्य करण्यास हरकत नसावी. मात्र तो का होतो, हा प्रश्न त्याहून अधिक गहन आहे.

कॉल्डवेल यांनी तीन कारणे सुचवली होती: शिकलेली आई आजाराला दैव किंवा करणी म्हणून सोडून देत नाही, ती बाहेरच्या जगाशी व्यवहार करू शकते, आणि घरातील सत्तेचा तोल तिच्यामुळे थोडा बदलतो. यांपैकी दुसऱ्या कारणाचा पुढील काळात सर्वाधिक कसून अभ्यास झाला. ब्राझीलमधील मुलांच्या उंचीचा अभ्यास करणाऱ्या डंकन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९१ मध्ये असे आढळले की आईच्या शिक्षणाचा जवळजवळ सगळा परिणाम ती वर्तमानपत्र वाचते का, रेडिओ ऐकते का, टीव्ही पाहते का, या बाबींतून समजावता येतो. मोरोक्कोतील पाहणीवर काम करताना अर्थशास्त्रज्ञ पॉल ग्लेव्वे यांनी आईचे आरोग्यविषयक ज्ञान हाच निर्णायक दुवा असल्याचे दाखवले, आणि त्याचबरोबर हेही दाखवले की हे ज्ञान तिला शाळेत मिळालेले नव्हते. शाळेने तिला वाचन आणि आकडेमोड दिली होती, आणि त्यांच्या बळावर तिने ते ज्ञान पुढे स्वतः मिळवले होते.

या मार्गावर सर्वांत दूर जाऊन पाहिले ते मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लव्हाइन, सारा लव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मेक्सिको, नेपाळ, झांबिया आणि व्हेनेझुएला या चार देशांत त्यांनी आयांना नुसते किती शिकलात असे विचारले नाही, तर त्यांच्या वाचनाची परीक्षा घेतली, त्यांना आरोग्यविषयक संदेश ऐकवून त्यातले काय समजले ते तपासले, आणि मुलाच्या आजाराची हकीकत अनोळखी व्यक्तीला त्या कशी सांगतात ते नोंदवले. २०१२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या संशोधनाचा गाभा असा आहे: घरातील बोलणे सामाईक अनुभवावर उभे असते, म्हणजे ‘त्याला पुन्हा तसंच झालंय’ एवढे म्हटले की सासूला किंवा जावेला सारे कळते, कारण ‘तो’ कोण आणि ‘तसंच’ म्हणजे काय हे दोघींना ठाऊक असते. शाळेतील भाषा याहून निराळी असते. तेथे न पाहिलेल्या वस्तूविषयी, अनोळखी माणसाने लिहिलेल्या शब्दांतून अर्थ काढावा लागतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्याला काहीच माहीत नाही अशा ऐकणाऱ्याला पुरेल एवढे पूर्ण द्यावे लागते. दवाखाना, सरकारी कचेरी, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी आणि रेडिओवरील सूचना हे सगळे याच दुसऱ्या भाषेत बोलतात. चार-पाच वर्षे वर्गात बसलेल्या मुलीला ही भाषा थोडीफार अंगवळणी पडते, आणि ती पुढे सहजासहजी पुसली जात नाही.

ही गोष्ट किती व्यवहारातली आहे, हे जुलाबाच्या साध्या उपचारावरून कळते. आशाताईंनी किंवा अंगणवाडी सेविकेने आईच्या हातावर ओआरएसची मोठी पुडी आणि झिंकच्या गोळ्या ठेवल्या, तर त्यासोबत पुढील सूचना येतात: पूर्ण पुडी एकाच वेळी एक लिटर पाण्यात विरघळवायची, थोडी आज आणि थोडी उद्या असे करायचे नाही, तयार झालेले पाणी चोवीस तासांनंतर उरले तर फेकून द्यायचे, बाळ सहा महिन्यांहून लहान असेल तर २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी आणि मोठे असेल तर पूर्ण गोळी द्यायची, आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या १४ दिवस चालूच ठेवायच्या. यांतली शेवटची सूचना अनुभवाच्या अगदी उलट जाते, कारण दुखणे बरे झाल्यावर औषध थांबवणे हेच कोणालाही शहाणपणाचे वाटते. ती पाळण्यासाठी डोळ्यांसमोर धडधाकट खेळणाऱ्या मुलापेक्षा कागदावरील आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो. माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीच्या आलेखाचेही तसेच आहे. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो आणि मधून जाणारे रंगीत पट्टे अशा त्या आलेखावर दोन महिने वजनाचा ठिपका एकाच उंचीवर राहिला, तर मूल हसते-खेळते असूनही काहीतरी बिघडले आहे असे समजायचे असते. ज्या बाईने कधी पाटीवर आकडे मांडले आहेत, तिला हा ठिपका निदान प्रश्न विचारण्याचे निमित्त तरी पुरवतो. जिने मांडलेले नाहीत, तिच्या बाजूने तो सेविकेलाच वाचावा लागतो, आणि सेविकेच्या हाताशी तशी चाळीस मुले असतात.

शिक्षणाचे हे सामर्थ्य मात्र स्वयंभू नाही. सॅम्युअल प्रेस्टन आणि मायकेल हेन्स यांनी अमेरिकेच्या १९०० सालच्या जनगणनेतून तेथील बालमृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा आईच्या साक्षरतेचा प्रभाव आजच्या विकसनशील देशांच्या मानाने फारच थोडा दिसला, आणि खुद्द डॉक्टरांच्या घरांतील मुलांच्या मृत्यूचे प्रमाणही देशाच्या सरासरीपेक्षा किंचितच कमी निघाले. त्या काळात रोग जंतूंमुळे होतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते. पण दूध उकळणे, हात धुणे, आजारी मूल वेगळे ठेवणे या गोष्टी घरोघरी पोहोचायच्या होत्या, आणि जे औषध अस्तित्वातच नव्हते ते शिकलेली आई तरी कोठून आणणार? कळण्याजोगे काही उपलब्ध झाले की शिकलेली आई ते आधी उचलते, आणि ते उपलब्ध नसेल तर तिचे शिक्षण मुलाच्या कामी येत नाही. एकितीच्या दोन गावांतील ८७ टक्क्यांचे रहस्य हेच होते.

घराच्या आतील बाजू याहून अधिक गुंतागुंतीची आहे. शाळेत राहिलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, तिची पहिली प्रसूती शरीर पुरते वाढल्यावर होते, दोन बाळंतपणांत अधिक अंतर राहते, आणि मूल रात्री तापाने फणफणले तर सासूच्या होकाराची किंवा नवरा शेतावरून परतण्याची वाट न पाहता दवाखान्याची वाट धरण्याचा धीर तिच्यात असण्याची शक्यता अधिक असते. घरची माणसेही तिच्या शब्दाला थोडे वजन देतात, कारण बाहेरच्या जगाशी बोलण्याचे काम तिला जमते हे त्यांनी पाहिलेले असते. पण या वाढलेल्या कर्तृत्वाचा लाभ घरातील प्रत्येक मुलाला सारखा मिळतोच असे नाही. बांगलादेशातील मतलब या ग्रामीण भागात अब्बास भुईया आणि किम स्ट्रीटफील्ड यांनी केलेल्या अभ्यासात, आई एक ते पाच वर्षे शिकलेली असल्यास मुलग्यांचा मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, मुलींचा मात्र अवघ्या ७ टक्क्यांनी. सहा किंवा त्याहून अधिक वर्षे शिक्षण झालेल्या आयांच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे ७० आणि ३२ असे होते. पंजाबातील खन्ना परिसरातील गावांमध्ये मोनिका दास गुप्ता यांना दुसऱ्या-तिसऱ्या मुलींविषयीचा दुजाभाव शिकलेल्या तरुण आयांच्या घरांतही कायम असल्याचे आढळले. हे निष्कर्ष वाचताना मन खट्टू होते, पण ते झाकून ठेवण्यात कोणाचेही हित नाही. शाळेने बाईच्या हाती एक क्षमता दिली. ती कोणासाठी वापरायची हे ठरवणारे घर आणि समाज तेच राहिले, तर तिच्यामुळे मुलगा आधी वाचतो.

ज्या बायकांची शाळेत जाण्याची वेळ केव्हाच निघून गेली, त्यांच्या मुलांनी पुढची पिढी शिकेपर्यंत थांबावे असे तर कोणी म्हणू शकत नाही. १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत गेल्या आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांपासून जलसंजीवनी कशी करायची हे त्यांनी आयांना चुलीपाशी बसून शिकवले. या कार्यकर्त्यांचे मानधन किती घरे झाली यावर ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरे कोणी येऊन आईला काय लक्षात आहे ते तपासत असे आणि तिच्या उत्तरांवरून पैसे मिळत. शिकवणारीच्या कमाईचे माप शिकणारीच्या आठवणीत ठेवणारी ही योजना अनेक शाळांनाही धडा घालून देईल अशी होती. महाराष्ट्रात रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या सुरुवातीला बहुतांशी निरक्षरच होत्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने, ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून मिनिटभराची वाळूघडी आणि मण्यांच्या ओळी असलेले श्वासमापक बनवले; वाळू संपेपर्यंत मणी सरकवत गेले की दोन महिन्यांखालील बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास घेत आहे की काय हे कळते. याच संस्थेने पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीचा जो प्रयोग केला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ३९ गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २६ च्या आसपास आला. बाळाचे वजन करणे, नोंदी ठेवणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे तेथे गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांनी केली. आई न शिकलेली असली तरी तिच्या शेजारची एक बाई शिकलेली असणे किती मोलाचे ठरते, हे या प्रयोगाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसले असेल.

शेजारणीच्या शिक्षणाचा हा परिणाम आकडेवारीतही सापडतो. नॉर्वेचे लोकसंख्याशास्त्रज्ञ ऑयस्टाइन क्राव्हदाल यांनी भारतातील माहितीवरून २००४ मध्ये दाखवले की आईचे स्वतःचे शिक्षण कितीही असो, तिच्या परिसरातील स्त्रियांच्या सरासरी शिक्षणाचाही तिच्या मुलाच्या जगण्यावर स्वतंत्र प्रभाव पडतो. केरळचे उदाहरण याच अंगाने वाचले पाहिजे. त्रावणकोर संस्थानात राणी गौरी पार्वतीबाईंनी १८१७ मध्येच प्रजेच्या शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा असे फर्मान काढले होते, पुढे मिशनऱ्यांच्या शाळा आणि जातिविरोधी चळवळी यांनी मुलींना वर्गापर्यंत आणले, आणि २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत केरळचा अर्भकमृत्युदर, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या, ६ होती. त्याच वर्षी देशाचा आकडा २८, महाराष्ट्राचा १६ आणि मध्य प्रदेशाचा ४३ होता. केरळच्या गावांत काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ जोन मेंचर यांनी १९८० मध्येच नमूद केले होते की तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र काही दिवस माणसांवाचून राहिले, तर लोक मोर्चा घेऊन कलेक्टर कचेरीवर जातात. दवाखान्यात जाणारी आई आणि दवाखाना बंद का म्हणून विचारणारी आई यांच्यातले अंतर मोठे आहे, आणि एकटीदुकटी शिकलेली बाई ते सहसा ओलांडू शकत नाही.

हा सगळा लाभ शाळेत काही शिकायला मिळाले या गृहीतावर उभा आहे. लोकसंख्या आणि आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत, ज्या स्त्रिया वरच्या इयत्तांपर्यंत पोहोचलेल्या नसतात त्यांच्यासमोर एका सोप्या वाक्याचे कार्ड धरले जाते आणि त्या ते संपूर्ण वाचतात, अडखळत अर्धे वाचतात की वाचूच शकत नाहीत याची नोंद होते. भारतातील सर्वेक्षणातही हीच पद्धत आहे. एमिली स्मिथ-ग्रीनअवे यांनी नायजेरियातील अशाच नोंदी तपासल्या, तेव्हा आईच्या शिक्षणाचा मुलांच्या जगण्यावर होणारा परिणाम बऱ्याच अंशी तिच्या वाचता येण्यातून होत असल्याचे त्यांना आढळले. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतात पाचवीतील मुलांपैकी सुमारे ४३ टक्केच मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. हजेरीपटावर नाव असलेल्या पण वाचता न येणाऱ्या मुलींच्या हाती उद्या झिंकच्या गोळ्यांची पट्टी येणार आहे, म्हणून ही बाब शिक्षण खात्याइतकीच आरोग्य खात्याच्याही चिंतेची असली पाहिजे.

महाराष्ट्रात तर प्रश्न आणखी नेमक्या जागी येऊन थांबतो. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत मात्र हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. बीड परिसरातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे ऊसतोडीला निघतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरली जाते, आणि मोठ्या होत चाललेल्या मुलीला गावी एकटी ठेवायची की फडावर न्यायची, या पेचातून अनेक आईबाप तिच्या लग्नाची वाट काढतात. अशा कुटुंबांतील मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि शिक्षणहक्क कायद्याची हमीही आहे. परंतु ती हमी वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे साधारण आठवीला, संपते. मुलीच्या लग्नाची बोलणी त्याच सुमारास सुरू होतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका अधिक असतो, आणि ते बाळ जन्मल्यावर त्याच्यासाठी अंगणवाडीचा आहार, लसींचे डोस, आशाताईंच्या गृहभेटी हे सारे काही सुरू होते. आठवी आणि अठरावे वर्ष यांच्यामधल्या चार वर्षांसाठी मात्र गावात नववी-दहावीचा वर्ग, जवळच्या शाळेपर्यंत एसटी आणि हंगामात राहण्याची खात्रीची जागा एवढेच हवे असते, आणि ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या अनेक मुलींना अजून त्यांपैकी एखादी गोष्ट मिळालेली नसते.